सांदवाडीतले हे टेकोडे (अळंबी) सात्या आहेत का? (दुसऱ्या दिवशी खालून हिरवट पडले)

धुऱ्यावरचा
नमस्कार मंडळी. गाव साकोलीपासून आत, नागझिऱ्याच्या बाजूले. आश्लेषाच्या झडीनं तीन दिवस घराबाहेर निघू दिलं नाही, काल उघाड पडली तं मागच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, टेकोडे निघालेले. तिथं आधी ढोरं बांधायचो, आता नुसतं गवत माजलं आहे. एकदोन नाही, सतरा मोजले, आणि गंमत म्हणजे सगळे गोल करून उभे, कोणी रिंगण धरावं तसे. मोठ्यातला मोठा जेवणाच्या ताटाएवढा नसला तरी प्लेटीएवढा नक्की. वरून पांढरा, मधात तपकिरी ठिपका आणि त्याच रंगाचे खवले. दांड्यावर कडं आहे, वर-खाली सरकते. कळ्या आहेत त्या ढोलकीच्या काडीसारख्या.

नागपूरहून चुलतभाऊ आला आहे, त्यानं मोबाईलच्या अ‍ॅपवर फोटो टाकला तं अ‍ॅप म्हणते हे खायचं आहे, परदेशात लोक आवडीनं खातात. घरात खरी पारख फक्त आजीले, आणि आजी गेली लाखांदूरले आत्याकडे, तिथं रेंज नाही. आठ टेकोडे तोडून टोपल्यात ठेवले होते, बायको कांदा चिरायलेच बसली होती. आज सकाळी पाहतो तं मोठ्या टेकोड्याचा खालचा भाग, जो काल पांढराफेक होता, तो हिरवट-मळकट दिसून राहिला. म्हणून कांदा थांबवला आणि इथं विचारतो. सात्या, म्हणजे वारुळावर निघतात त्या खायच्या, आहेत का ह्या?

नवेगावकर
सात्याच आहेत बाप्पा. डोळे मिटून खा. आमच्या इकडं पोतंभर निघतात. हिरवट म्हणजे शिळं झालं असन, पावसाचं.

कीडामुंगी
धुऱ्यावरचा, कांदा थांबवलात ते फार चांगलं केलंत, तो आता दुसऱ्या कशात तरी घाला. नवेगावकरांची माफी मागून सांगतो, डोळे मिटून तर मुळीच नाही, उलट डोळे उघडून तीन गोष्टी बघा. एक, टेकोडा उपटू नका, बाजूनं खुरप्यानं खणून बुडापर्यंत जा. सात्या असेल तर दांडा खाली संपतच नाही, मुळासारखा निमुळता होत हात-दीड हात खोल जातो आणि वारुळाच्या आत पोचतो. दोन, जवळ वारूळ आहे का, किंवा वारूळ होतं आणि मोडलं अशी जागा आहे का? तीन, ते हिरवट नक्की कुठं आहे? छत्रीखालच्या पात्या म्हणजे कल्ले, ते हिरवे पडलेत की दांडा?
माझ्या मनात एक नाव आहे पण उत्तरं आल्याशिवाय सांगत नाही.

वऱ्हाडची_सुगरण
तुम्ही झाडीवाले पण कमाल करता! आमच्या अकोल्याकडे काळ्या मातीत हे निघालं की पोट्टे पायानं उडवतात, कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो आम्ही. खायची वस्तू आहे हे मला लग्नानंतर गोंदियाच्या जावेकडून कळलं. तिनं पहिल्यांदा वाढलं तेव्हा मी ताटाकडे आणि ती माझ्याकडे बघत होती.

झाडीतला_पोट्टा
सुगरणताई, कुत्र्याच्या छत्र्या वेगळ्या अन् टेकोडे वेगळे. निदान आमच्या घरी तरी टेकोडे म्हणजे सगळ्यायचं आडनाव, त्यातल्या वारुळावरच्या त्या सात्या, म्हणजे कुळातली मोठी सून. पेंढीच्या ढिगावर येते ते वेगळं, शेणावरचं वेगळं, लाकडावर कानासारखं येते ते वेगळं. पुण्यामुंबईचे लोक सगळ्यालेच मशरूम म्हणून मोकळे.

पेठेतला_शहाणा
पुण्याचा उल्लेख झाला म्हणून हजेरी लावतो. आम्ही अळंबी म्हणतो हो, आणि ती डब्यात प्लास्टिक लावून मिळते, त्यामुळे विषारी की बिनविषारी हा प्रश्न दुकानदाराचा.
बाकी माझी आजी (कोकणातली) सांगायची की शिजवताना भांड्यात चांदीचं नाणं किंवा लसणाची पाकळी टाकायची, काळी पडली तर विषारी. करून बघा की.

कीडामुंगी
अहो नका असं सांगू कोणाला! चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी, अंड्यानंसुद्धा पडते. टेकोड्यातल्या विषाचा चांदीशी काही संबंध नाही. सगळ्यात जीवघेणी जी जात आहे, अमानिटा नावाच्या वंशातली, तिच्यासोबत नाणं टाकलं तर चकचकीतच बाहेर येईल. लसूण, तांदूळ, हळद सगळं तसंच. "किड्यानं खाल्लं म्हणजे चालते" हेही खोटं, गोगलगायीला जे पचतं ते आपल्याला पचत नाही. आणि "रटरट उकळलं की विष मरते" हे तर सगळ्यात धोक्याचं, अमानिटातलं विष उकळून, तळून, वाळवूनसुद्धा जात नाही.

तर्रीबाज
माझी गोष्ट सांगू का. सांगतोच.
नागपूरला कॉलनीत राहत होतो तेव्हा समोर मोकळा प्लॉट होता, गवत, मधात क्रिकेटची पिच. जुलैचा महिना, अशीच गोल रांग निघाली पांढऱ्या टेकोड्यांची. आमच्या वरच्या मजल्यावर भंडाऱ्याकडचे एक काका राहत होते, ते म्हणाले अरे हे तर आमच्या गावचंच. मी म्हटलं काका तुम्ही म्हणता तर असन. दोघांनी मिळून तोडले, माझ्याकडे मसाला बनला (नावातच तर्री आहे तर बनणारच), तिखट असं की टेकोडा आहे की बोळा आहे कळू नये. साडेआठला जेवलो. दहाला काकांच्या पोटात मळमळ, मला वाटलं तर्री जड झाली. साडेदहाला मी पण. त्यानंतर रात्री दोनपर्यंत काय झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही, एवढंच सांगतो की दोन मजल्यांना संडास दोन आणि माणसं सहा. एका खाजगी दवाखान्यात नेलं तर तिथल्या माणसानं "काय खाल्लं" विचारलं, मी "टेकोडे" म्हटलं तर तो हसला, म्हणे टेकोडे काय असतात, लिहून काय घेतलं तर "बाहेरचं खाणं". सलाईनच्या चार बाटल्या लागल्या. दुसऱ्या दिवशी बायकोनं उरलेले टेकोडे उलटे करून पाहिले तर खालून हिरवे.
धुऱ्यावरचा भाऊ, तुमचं "हिरवट" वाचलं आणि पोटात गोळा आला म्हणून एवढं लांबण लावलं.

झाडीतला_पोट्टा
दोन संडास अन् सहा माणसं 😂 यावर झाडीपट्टीच्या नाटकवाल्यायले तीन अंकी प्रयोग देता येते, वडसाले पाठवू का?

धुऱ्यावरचा
तर्रीबाजभाऊ, वाचून बायकोनं टोपलंच अंगणाबाहेर ठेवलं.
कीडामुंगी सर, उत्तरं: वारूळ सांदवाडीत नाही. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) एक आहे मोठं, पण तिथून हे टेकोडे चांगलेच दूर. हिरवे कल्लेच पडले, दांडा पांढराच आहे, थोडा भुरका. कळीचे कल्ले फोडून पाहिले तं पांढरे. उपटलेल्याच्या बुडाशी गाठ आहे कांद्यासारखी, पण खणून पाह्यलो नाही अजून.

नवेगावकर
मी माघार घेत नाही. सात्याले पण कडं असते, मी लहानपणापासून पाहून राहिलो. कडं आहे म्हणून विषारी असं म्हणत असान तर चुकीचं आहे.

कीडामुंगी
नवेगावकर, या मुद्द्यावर तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात आणि मी तसं म्हटलंही नव्हतं. सात्यांच्या वंशाला टर्मिटोमायसेस म्हणतात, हे नाव रोजे हाईम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ साली दिलं. त्याच हाईमच्या नावानं टर्मिटोमायसेस हाईमी ही जात आपल्या भारतातूनच १९७९ मध्ये नटराजन यांनी नोंदवली, ती पांढरी असते आणि तिला चांगलं जाड कडं असतं. तेव्हा कड्यावरून निकाल लागत नाही.
पण फरक कुठे आहे बघा. सात्येच्या छत्रीच्या मधोमध टोक असतं, कडक, बोंडासारखं, जमीन फोडून वर यायला. खवल्यांचा तपकिरी ठिपका आणि ते टोक वेगळं. सात्येचं कडं दांड्याला धरून असतं, बांगडीसारखं फिरत नाही. आणि सात्येचे कल्ले पांढरे असतात, मग हलकी गुलाबी झाक येते. हिरवे कधीच पडत नाहीत. शिळे झाले तर तपकिरी पडतील, कुजतील, पण हिरवे नाही.

रानवाटा
वाद मिटवायचा सोपा मार्ग म्हणजे बीजाणूंचा ठसा (बीजाणू म्हणजे कल्ल्यांतून झडणारी बुरशीची भुकटीएवढी बारीक बी). घरी होतो, खर्च शून्य. पूर्ण उघडलेला एक टेकोडा घ्यायचा, दांडा छत्रीलगत कापून टाकायचा, छत्री कल्ले खाली करून कागदावर ठेवायची, अर्धी पांढऱ्या कागदावर आणि अर्धी काळ्या. वरून एखादी वाटी किंवा गंज (पातेलं) उपडा घालायचा म्हणजे वारा लागत नाही. रात्रभर ठेवा. सकाळी छत्री अलगद उचलली की कल्ल्यांची नक्षी कागदावर उतरलेली दिसेल. तिचा रंग सांगा.
काळा कागद यासाठी की बीजाणू पांढरे असले तर पांढऱ्यावर दिसणार नाहीत. हात धुवायला विसरू नका, तसं नुसतं हाताळून काही होत नाही म्हणा.

वऱ्हाडची_सुगरण
एक मूलभूत शंका. श्रावण चालू आहे. टेकोडे श्रावणात चालतात का? जाऊबाई म्हणते चालतात, सासूबाई म्हणायच्या मटणासारखी चव लागते म्हणजे काहीतरी असणारच.

झाडीतला_पोट्टा
आमच्या घरी श्रावणात टेकोडेच मटण असतात 😄

पेठेतला_शहाणा
शास्त्रानुसार बुरशी ना वनस्पती ना प्राणी. म्हणजे उपासाला चालेल का असा नवा धागा काढावा काय?

वऱ्हाडची_सुगरण
काढा. तिकडे साबुदाण्यावरून जे झालं होतं ते आठवतंय ना? मग काढा.

धुऱ्यावरचा
पहिला ठसा फसला. पोराच्या क्राफ्टचा काळा कागद अन् जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू जोडून ठेवली, वरून गंज उपडा घातला, सकाळी पाहतो तं कागद कोराच. मग लक्षात आलं, मी कळी ठेवली होती. मोठा टेकोडा ठेवायले मन होत नव्हतं कारण तो हिरवा. आज रात्री मोठाच ठेवतो.

रानवाटा
कळीत बीजाणू पिकलेले नसतात भाऊ. जो हिरवा आहे तोच हवा, खरं काय ते तोच सांगेल.

तालुक्याची_डॉक्टर
मी याच भागात नोकरी करते, गाव सांगत नाही. पावसाळ्यात दरवर्षी असे पेशंट येतात, त्यातून दोन गोष्टी कळकळीनं लिहिते.
पहिलं, तासाभरात किंवा दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुतेक वेळा ते तर्रीबाज यांच्यासारखं पोटापुरतं असतं. त्रास भयंकर होतो, पाणी कमी पडतं, लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्यात धोक्यात येऊ शकतात, पण सलाईननं सहसा सावरतं. घाबरायचं तेव्हा, जेव्हा जेवणानंतर सहा तास, बारा तास काहीच होत नाही आणि मग अचानक सुरू होतं. अमानिटाचं असं असतं. मग दुसऱ्या दिवशी पेशंटला बरं वाटतं, घरचे म्हणतात सुटी द्या, आणि त्याच वेळी आत लिव्हर खराब होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ घेऊन परत येतात. आणि दोन प्रकारचे टेकोडे एकत्र शिजवले असतील तर लवकर आलेल्या उलट्यांवरूनही निर्धास्त होता येत नाही.
दुसरं, येताना टेकोडा सोबत आणा. शिजवलेला, कच्चा, कचऱ्यात टाकलेला देठ, काहीही, कागदात गुंडाळून. कधी खाल्लं ती वेळ लिहून आणा. आणि किती जणांनी खाल्लं ते खरं सांगा, सुनेनं नंतर एकटीनं खाल्लेलं कोणी सांगत नाही. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायला बसू नका, १०८ ला फोन करा. आणि तर्रीबाज, तुमचा तो हसणारा माणूस आमच्याकडेही असेल, नाकारत नाही.

तर्रीबाज
डॉक्टरताई, आता समजलं काकांची "उद्यापर्यंत वाट पाहू" ही कल्पना किती भारी होती.

मोहाचं_फूल
माझ्या मामाचं सांगतो. शेणखताच्या ढिगावर राखाडी टेकोडे येतात, घंटीसारखे, दुसऱ्या दिवशी त्याची काळी शाई होऊन गळते. मामानं कोवळे तोडून खाल्ले, काही झालं नाही, छान लागले. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मोहाची घेतली, अन् अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छाती धडधड, म्हणे मरतो. मामी म्हणाली टेकोड्यानं नाही, दारूनं. मामा म्हणाला दारूनं नाही, टेकोड्यानं. तीस वर्षं झाली, अजून मिटलं नाही.

कीडामुंगी
मामा-मामी दोघं बरोबर असू शकतात! शाई होणाऱ्यांतल्या एका जातीत कोप्रीन नावाचं द्रव्य असतं, ते नुसतं खाल्लं तर काही नाही, पण शरीराला दारू पचवू देत नाही. चेहरा लाल, धडधड, मळमळ अगदी असंच होतं, आणि खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांनी दारू घेतली तरी होऊ शकतं. मामांचा टेकोडा तोच होता असं मी इथून म्हणणार नाही, शाई होणाऱ्या जाती बऱ्याच आहेत.

मोहाचं_फूल
हे मामीले वाचून दाखवलं. मामी म्हणते तो टेकोडा कुठं मिळते, रोज घालतो भाजीत.

धुऱ्यावरचा
मंडळी, आजी आली आणि नवीनच अडचण झाली. मी खुरपं घेऊन सांदवाडीत निघालो, कीडामुंगी सरायनं बुड खणायले सांगितलं होतं ना. आजी ओट्यावरून ओरडली, "आज नागपंचमी, जमिनीले खुरपं लावशीन तं पाय!" आज खणणं नाही, नांगर नाही, चिरणं नाही, तवा नाही. धुऱ्यावरच्या वारुळाले दूध-लाह्या वाहून आलो सगळे. आता बुड उद्या.
पण ठसा झाला!! रात्री मोठाच ठेवला होता. पांढऱ्या कागदावर गोल चक्र उमटलं आहे, सायकलच्या आऱ्यांसारखं, आणि रंग हिरवा. मळकट हिरवा, वाळलेल्या मेथीसारखा. काळ्या कागदावर पण फिक्कट दिसते. चुलतभावानं फोटो काढून त्याच अ‍ॅपले दाखवला तं अ‍ॅप म्हणते ही वॉलपेपर डिझाइन आहे.

कीडामुंगी
मग झालं. आता नाव सांगतो: क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. क्लोरोफायलम म्हणजे हिरव्या पात्यांचा, मॉलिब्डायटीस हे शिशाच्या रंगावरून. १८१८ सालापासून शास्त्राच्या वहीत आहे. बाकी खवले, सरकतं कडं, बुडाची गाठ, गवतात गोल रिंगण, कळीत पांढरे आणि पिकल्यावर हिरवे कल्ले, सगळं जुळतंच होतं, पण ठशाचा हिरवा रंग हे पक्कं. असा हिरवा ठसा देणारे मोठे टेकोडे जवळपास नाहीतच. अ‍ॅपनं जे परदेशी खाण्याचं नाव दिलं असेल ते बहुतेक मॅक्रोलेपिओटाचं, दिसायला सख्खा भाऊ, पण त्याचा ठसा पांढरा. वरून काढलेल्या फोटोत दोघांत फरक करणं अवघडच, अ‍ॅपला तरी काय दोष द्यायचा.
फसवणूक इथंच आहे की कोवळा असताना तो हिरवा नसतो. तुम्ही पहिल्याच दिवशी शिजवला असता तर हिरवं कळलंच नसतं. तर्रीबाज, तुमच्या प्लॉटवरचा पण हाच असणार, लॉन, मैदान, गुरं चरायची गवताळ जागा ही त्याची आवडती ठिकाणं. बऱ्याच देशांत टेकोड्याच्या विषबाधेत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा हाच.

रानवाटा
रिंगणाचं कारण कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगते. जमिनीखाली बुरशीच्या तंतूंचं जाळं एका जागी सुरू होतं आणि चहूकडे सारखं पसरत जातं, आतल्या बाजूचं खाणं संपतं, कडेला ताजं जाळं असतं, म्हणून टेकोडे कडेलाच उगवतात. ढोरांची जुनी जागा म्हणजे तर मेजवानीच.

नवेगावकर
बरं. ठसा हिरवा असन तं मी म्हणतो ते नाही. पण वर्णन असं होतं की कोणीही सात्या म्हटलं असतं. आणि मी पोतंभर निघतात म्हटलं ते आमच्या वारुळावरचं म्हटलं.

झाडीतला_पोट्टा
नवेगावकरभाऊ, "डोळे मिटून खा" हे पण तुम्हीच म्हटलं होतं, वर आहे अजून 😄

नवेगावकर
डोळे मिटून म्हणजे देवाचं नाव घेऊन.

पेठेतला_शहाणा
चेष्टा बाजूला, मला खरंच विचारायचंय. सात्या एवढ्या चविष्ट आहेत, बाजारात भाव आहे, तर धिंगरीसारखी त्यांची शेती का करत नाहीत? धिंगरी तर लोक खोलीत पिशव्या टांगून काढतात.

कीडामुंगी
कारण शेती आधीच कोणीतरी करतंय, आणि ते भागीदार घेत नाहीत. वारुळातली उधई (वाळवी) लाकूड-गवत खाऊन आणते, त्याची विष्ठा रचून स्पंजसारखं जाळीदार पोळं बांधते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. उधईला जे पचत नाही ते बुरशी मऊ करून देते, मग उधई ते पोळं आणि त्यावरचे पांढरे बारीक दाणे खाते. हा व्यवहार सुमारे ३ कोटी वर्षांपासून चालू आहे. पावसानं जमीन भिजली की त्याच पोळ्यातून लांब मुळासारखा दांडा वर येतो, ती आपली सात्या. उधई वजा केली की बुरशीची तब्येत बिघडते, त्यामुळे पिशवीत पीक निघत नाही.
याच वंशातली टर्मिटोमायसेस टायटॅनिकस नावाची आफ्रिकेतली जात मीटरभर रुंद छत्रीची होते. पावसात डोक्यावर धरता येईल.

पेठेतला_शहाणा
म्हणजे नागपंचमीला वारुळाला दूध वाहतात ते नागाला नसून शेतकऱ्याला झालं तर!

वऱ्हाडची_सुगरण
शहाणे, हे एक वाक्य बरं लिहिलंत तुम्ही. तीन वर्षांत पहिलंच.

धुऱ्यावरचा
आज खणलं. आजी सोबत उभी होती, काठी टेकून. एक हात खोल गेलो, काहीच नाही. दांडा मातीत चार बोटं, मग कांद्यासारखी गाठ, संपलं. मूळ नाही, वारूळ नाही, पोळं नाही. नुसती काळी भुसभुशीत शेणाची माती अन् पांढरे धागे.
मी आजीले ठसा दाखवला, हिरवा रंग, लॅटिन नाव, सगळं सांगितलं, मॉलिब्डायटीस म्हणताना तीनदा अडखळलो. आजी ऐकत राहिली अन् म्हणाली, "येवढं कायले? गोठ्यात निघालं म्हणून सांगितलं असतं तं मी लाखांदूरहूनच नको म्हटलं असतं. वारुळाबिगर सात्या नसते." बस. चार दिवसांचा धागा अन् आजीचं एक वाक्य. मी म्हटलं मग कागदावरच्या ठशाचं काय करू. म्हणे छान आहे, फ्रेम कर.
बाकीचे टेकोडे खणून उकिरड्यात खोल पुरले, आमची बकरी कशालेही तोंड लावते म्हणून.

तालुक्याची_डॉक्टर
आजींना नमस्कार सांगा. त्यांची अट पुस्तकापेक्षा कडक आहे, त्यामुळे काही खाण्यासारखंही त्या सोडत असतील, पण माझ्या वॉर्डात त्या कधी येणार नाहीत.

कीडामुंगी
आजींच्या वाक्यात फक्त एक भर. वारूळ नुसतं "जवळ" असून भागत नाही, दांडा त्याच्यात पोचलेला दिसला पाहिजे. वारुळाशेजारच्या गवतातही दुसरा टेकोडा येऊ शकतो. आणि जुनं वारूळ वरून सपाट झालेलं असलं तरी खाली पोळं जिवंत असू शकतं, तेव्हा सपाट रानात निघालेली सात्या खरीही असते. म्हणून खणायचं.

धुऱ्यावरचा
हे आजीले सांगितलं. म्हणे "मंग मी काय वरून तोडते का?" ती बोटानं माती उकरत खाली जाते, म्हणून तिच्या सात्या नेहमी लांब शेपटीच्या असतात, आता समजलं मले. बाजारात पण शेपटी तुटलेली सात्या ती घेत नाही, विकणारी बाई किती का ओळखीची असेना. गेल्या वर्षी साकोलीच्या बाजारात पावाले दोनशे सांगत होते, शेपटी नव्हती, आजी वाटा तिथंच ठेवून निघून आली.

वऱ्हाडची_सुगरण
आता निदान खऱ्या सात्येची कृती तरी टाका. जाऊबाई सांगत नाही, म्हणते हातालाच असते.

झाडीतला_पोट्टा
काही नाही ताई. शेपटीची माती चाकूनं खरडा, पाण्यात जास्त वेळ ठेवू नका, पाणी पिऊन फुगते. सुरीनं कापायचं नाही, हातानं उभं फाडायचं, कोंबडीच्या रेषेसारखं. जवसाचं तेल असन तं उत्तम, कांदा, हिरवी मिरची, थोडी हळद, मीठ. झाकण ठेवायचं, स्वतःचंच पाणी सुटते, ते आटू द्यायचं. वरून सांबार. मसाला घालू नका, तर्रीबाज ऐकून राहिले ना?

पेठेतला_शहाणा
सांबार?? इडलीसोबतचं?

झाडीतला_पोट्टा
कोथिंबीर हो!! विदर्भात येऊन पाहा कधी.

तर्रीबाज
ऐकलं. पण मी आता फक्त डब्यातले खातो, त्यावर तर्री घालून. पेठेतल्या शहाण्यांसोबत माझं जमलं शेवटी.

नवेगावकर
धुऱ्यावरचा भाऊ, तुमच्या धुऱ्यावर जे वारूळ आहे, तिथं निघतात का सात्या? कधी निघतात? मले पंधरा किलोमीटर पडते फक्त.

धुऱ्यावरचा
आजीले विचारलं. आजी म्हणते धुऱ्यावरच्या वारुळावर कधीच काही निघत नाही.
आत्ता लिहिता लिहिता पाहतो तं ती पाटी अन् विळा घेऊन धुऱ्याकडंच चालली आहे.